मेंदूविज्ञानाच्या प्रयोगशाळेतील उन्हाळा : विज्ञान अकादमींच्या शिष्यवृत्तीचे परीक्षण

मेंदूविज्ञानात पुढे काम करावे असे ज्यांच्या मनात आहे, पण ज्यांच्या महाविद्यालयात त्या विषयाची प्रयोगशाळा तर सोडाच, एखादा बरा फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकही नाही, अशा विद्यार्थ्यांसाठी आपल्या देशात जे थोडे दरवाजे उघडे आहेत, त्यांत तीन विज्ञान अकादमींची संयुक्त उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती मी सर्वांत वर ठेवते. सी. व्ही. रामन यांनी १९३४ मध्ये बेंगळुरूत स्थापन केलेली इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, नवी दिल्लीची इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमी आणि प्रयागराजची नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस या तीन संस्था मिळून ही योजना चालवतात. निवड झालेल्या विद्यार्थ्याला किंवा शिक्षकाला देशातील एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत दोन महिने काम करता येते आणि त्या काळाचे विद्यावेतन व रेल्वेप्रवासाचा खर्च मिळतो. मी सोलापूरला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते आणि पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात या शिष्यवृत्तीवर बेंगळुरूतील एका प्रयोगशाळेत, ड्रोसोफिला या बारीक माशीच्या गंधज्ञानावर काम करून आले. प्रयोगशाळेचे आणि तेथील माणसांचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण हे परीक्षण योजनेचे आणि अशा प्रकारच्या कामाचे आहे.

माझे मत आरंभीच सांगते. योजना उत्तम आहे आणि पात्र असलेल्या प्रत्येकाने अर्ज करावा. मात्र त्या दोन महिन्यांतून हाती काय लागेल, हे संस्थेच्या नावावर किंवा मार्गदर्शकाच्या कीर्तीवर फारसे अवलंबून नसते. कोणत्या प्राण्यावर आणि कोणत्या पद्धतीने काम करायचे, आणि रोज शेजारच्या टेबलावर बसून आपल्याला शिकवणारी व्यक्ती कोण, या दोन गोष्टींवर ते जवळजवळ पूर्णपणे ठरते. अर्ज भरताना आपण नेमक्या याच दोन गोष्टींचा विचार करत नाही, म्हणून त्यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहिते.

अर्जाची प्रक्रिया साधी आहे. प्रवेश परीक्षा नाही, मुलाखत नाही. आपले गुण, एका शिक्षकाचे शिफारसपत्र आणि या दोन महिन्यांत आपल्याला काय करायचे आहे हे सांगणारे जेमतेम दोन-अडीचशे शब्दांचे निवेदन, एवढ्यावर निवड होते. पसंतीच्या मार्गदर्शकांची नावेही देता येतात. निवेदनात बहुतेकजण लहानपणापासून आपल्याला मेंदूचे कसे कुतूहल आहे ते लिहितात. त्याऐवजी ज्या शास्त्रज्ञाकडे जायचे आहे त्यांचा एक अलीकडचा शोधनिबंध नीट वाचावा, त्यातील एखाद्या आकृतीपाशी आपल्याला कोणता प्रश्न पडला तो लिहावा आणि तो प्रश्न आठ आठवड्यांत हाताळण्याजोगा का वाटतो हे दोन वाक्यांत सांगावे. माझ्या निवेदनात शेवटी उरले ते एवढेच होते. शोधनिबंध समजायला मला वेळ लागला, परंतु त्या वाचनाचा उपयोग निवडीपुरता राहिला नाही. प्रयोगशाळेत गेल्यावर पहिल्याच बैठकीत ज्या गोष्टी बोलल्या जात होत्या, त्यांतील निम्म्या तरी ओळखीच्या वाटल्या.

आता प्राण्याच्या निवडीविषयी. मेंदूविज्ञान म्हटले की उंदीर, मेंदूत बसवलेले इलेक्ट्रोड आणि पडद्यावर धावणारे विद्युत्संकेत डोळ्यांसमोर येतात. तसे काम आपल्याकडे अनेक ठिकाणी होते आणि ते मोलाचेही आहे. पण दोन महिन्यांसाठी आलेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला त्यातले काय येणार, याचा हिशोब करून पाहावा. उंदरांवरील प्रत्येक प्रयोगाला प्राणी-नीतिसमितीची मंजुरी लागते आणि त्या मंजुरीत कोण काय करणार हे आधीच ठरलेले असते. उंदराला हाताची सवय करायला दिवस जातात, शस्त्रक्रिया शिकायला महिने लागतात, शस्त्रक्रियेनंतर प्राणी सावरेपर्यंत थांबावे लागते. पॅच क्लॅम्प या पद्धतीत काचेच्या अतिसूक्ष्म नळीचे टोक एका चेतापेशीच्या पटलाला चिकटवून तिच्यातील विद्युत्प्रवाह मोजतात. ते हाताला बसायलाच कित्येक महिने लागतात. अशा ठिकाणी उन्हाळ्यापुरता आलेला विद्यार्थी बहुधा प्रेक्षक राहतो, किंवा दुसऱ्याने गोळा केलेल्या चित्रफितींत उंदीर कोणत्या कोपऱ्यात किती वेळ थांबला याची मोजणी करतो. मोजणीलाही मी कमी लेखत नाही, परंतु प्रश्न आखण्यापासून उत्तर तपासण्यापर्यंतचा पूर्ण फेरा एकदा तरी स्वतः फिरावा, असे ज्याला वाटते त्याच्यासाठी ही जागा नव्हे.

ड्रोसोफिलाचे तसे नाही. पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणारी ही चिलटाएवढी माशी २५ अंश सेल्सिअस तापमानात अंड्यापासून साधारण दहा दिवसांत प्रौढ होते. दोन वाणांच्या माश्यांचा संकर, प्रयोगशाळेच्या भाषेत क्रॉस, लावला की दहा दिवसांनी हवी ती पिढी मिळायला लागते. तिला काही दिवस वाढवायचे, गंधाच्या सहवासात ठेवायचे आणि मग चाचणी घ्यायची, असे धरले तर एका फेरीला अडीच आठवडे लागतात. म्हणजे आठ आठवड्यांत अशा तीन फेऱ्या बसतात, आणि कामाला लागण्यात पहिले काही दिवस जातात हे धरले तर दोन. हे गणित अर्जाच्या आधी प्रत्येकाने आपल्या पसंतीच्या विषयाबाबत करून पाहावे. ज्या कामाची एकही फेरी त्या काळात पूर्ण होत नाही, ते काम कितीही आकर्षक असले तरी उन्हाळ्यासाठी योग्य नाही. संगणकीय मेंदूविज्ञान हाही चांगला पर्याय आहे. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये मांडलेली चेतापेशीची समीकरणे आज कोणत्याही साध्या संगणकावर चालवून पाहता येतात आणि त्यासाठी लागणाऱ्या संगणकप्रणाली विनामूल्य मिळतात. माणसांच्या डोक्यावर इलेक्ट्रोड लावून घेतलेल्या ईईजीच्या नोंदींवरही दोन महिन्यांत नेटके काम होऊ शकते.

माशीच्या गंधज्ञानाचे भारतातील संशोधन मुंबईत सुरू झाले. त्याचा मोठा इतिहास मला बेंगळुरूला गेल्यावर कळला. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ओबैद सिद्दीकी यांनी १९६२ मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभारला. पुढे ते जनुकांकडून वर्तनाकडे वळले आणि अमेरिकी शास्त्रज्ञ सीमोर बेन्झर यांच्याबरोबर त्यांनी तापमान वाढताच लुळ्या पडणाऱ्या माश्यांच्या उत्परिवर्तित वाणांचा अभ्यास १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. केनियात जन्मलेल्या, मूळ गोव्याच्या कुटुंबातील व्हेरोनिका रॉड्रिग्ज डब्लिनमध्ये शिकून मुंबईत सिद्दीकींकडे पीएच.डी.साठी आल्या, आणि वास न ओळखणाऱ्या माश्या शोधून गंधज्ञानामागची जनुके गाठण्याचे काम या दोघांनी कुलाब्यात केले. टाटा संस्थेचेच राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र पुढे बेंगळुरूत उभे राहिले आणि हे काम तेथे वाढले. रॉड्रिग्ज २०१० मध्ये गेल्या. त्यांचा सहभाग असलेल्या एका अभ्यासात, जो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, एकच वास दिवसचे दिवस मिळत राहिला की माशी त्याला सरावते त्या वेळी मेंदूत काय बदलते हे दाखवले होते: गंधाचा संकेत पुढे जाऊ न देणाऱ्या, गाबा हे रसायन सोडणाऱ्या स्थानिक चेतापेशींचा दाब वाढतो आणि ओळखीचा वास दबला जातो. सोलापूरच्या ग्रंथालयात प्राणिशास्त्राच्या जाड पुस्तकांत ड्रोसोफिला फक्त गुणसूत्रांच्या प्रकरणात भेटते. तिच्या मेंदूवर आपल्याच राज्यात एवढे काम झालेले आहे, हे आम्हाला कोणी वर्गात सांगायला हवे होते, असे मला अगदी मनापासून वाटते.

माझ्याकडे आलेला प्रश्न याच सरावाशी जोडलेला आणि अगदी लहान होता: सराव झाल्यावर तो वास काढून घेतला, तर माशी पुन्हा त्या वासाला पूर्वीसारखी टाळू लागेपर्यंतचा काळ माशीच्या वयावर अवलंबून आहे का. त्यासाठी वापरायचे साधन म्हणजे वाय आकाराची काचेची नळी. माश्यांना वर चढण्याची उपजत ओढ असते. खालच्या टोकाशी सोडलेल्या माश्या दुभाजकापाशी येतात, तेथे एका बाजूने साधी हवा आणि दुसऱ्या बाजूने इथाइल ब्युटिरेट या फळासारखा वास असणाऱ्या द्रव्यावरून आलेली हवा वाहत असते, आणि त्या कोणत्या बाजूला किती गेल्या हे मोजायचे. हवेकडे गेलेल्यांतून वासाकडे गेलेल्या वजा करून एकूण संख्येने भागले की एक आकडा मिळतो. सांगायला हे चार ओळींत होते. प्रत्यक्षात तो आकडा विश्वासार्ह व्हावा म्हणून जे करावे लागते, तेच माझ्या मते या दोन महिन्यांचे खरे शिक्षण आहे.

डाव्या आणि उजव्या नळीत काहीही फरक नसताना माश्या एकीकडे अधिक जातात का, हे आधी पाहावे लागते. खोलीतला दिवा एका बाजूला असेल तर त्या जातात. म्हणून चाचणी मंद लाल प्रकाशात होते, कारण गडद लाल प्रकाश माशीला फारसा दिसत नाही. वासाची बाजू प्रत्येक वेळी अदलाबदल करायची. हवेचा वेग दोन्हीकडे सारखा आहे हे रोज मोजायचे. खोलीतील आर्द्रता नोंदवायची. ज्या माश्यांना वास दिला नाही, पण ज्या तितकेच दिवस तशाच कुपीत, तशाच बाटलीशेजारी ठेवल्या, त्यांचा गट सोबत हवाच. जनुकीय प्रयोग असेल तर आणखी गट वाढतात. ब्रँड आणि पेरिमॉन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या गाल४-यूएएस पद्धतीत मेंदूच्या कोणत्या पेशींत बदल करायचा हे एका वाणाकडून येते आणि कोणता बदल करायचा हे दुसऱ्याकडून; तेव्हा दोन्ही एकत्र आलेल्या माश्यांबरोबर नुसत्या पहिल्या आणि नुसत्या दुसऱ्या घटकाच्या माश्याही तपासाव्या लागतात, नाही तर दिसलेला फरक त्या एकत्र येण्यामुळे आहे असे म्हणता येत नाही. आणि या सर्वांवर, कोणत्या कुपीत कोणता गट आहे हे मोजणाऱ्याला माहीत असता कामा नये. दुसऱ्या कोणीतरी कुप्यांवर सांकेतिक अक्षरे घालायची आणि सगळी मोजणी संपल्यावरच यादी उघडायची. महाविद्यालयातील प्रात्यक्षिकांत आम्ही उत्तर आधी पाठ करतो आणि आकडे त्याच्या जवळ आणतो, ही आपल्या शिक्षणातील उघड गोष्ट आहे. येथे उत्तर कोणालाच ठाऊक नसते, मार्गदर्शकांनाही नसते. ती यादी उघडण्याच्या वेळी सबंध टेबलाभोवती जी शांत उत्सुकता असते, ती मला फार आवडली.

रोजचे काम मात्र बहुतांशी माश्या सांभाळण्याचे आहे, हे जाणाऱ्याला माहीत असावे. मक्याचे पीठ, साखर, यीस्ट आणि अगर शिजवून माश्यांचे अन्न तयार होते, त्यात बुरशी धरू नये म्हणून प्रोपिऑनिक आम्लासारखी द्रव्ये घालतात, आणि त्या यीस्टचा वास कपड्यांना लागून राहतो. जुन्या कुप्यांतून नव्या कुप्यांत माश्या उलटवणे हे ठरलेल्या दिवशी करायचेच असते. क्रॉससाठी नराशी संबंध न आलेल्या माद्या लागतात, आणि कोषातून बाहेर आल्यावर साधारण आठ तासांच्या आत त्या वेगळ्या काढाव्या लागतात. म्हणून सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा अशा दोन खेपा होतात, रविवारीही. कार्बन डायऑक्साइड सोडलेल्या सच्छिद्र पाटीवर माश्या निपचित पडल्या की ब्रशच्या टोकाने एकेक बाजूला सारायची; पोटावरचा काळसर ठिपका दिसला की माशी नुकतीच बाहेर आलेली आहे हे ओळखायचे. आठवड्याची सुट्टी हवीच असेल, तर माशीची प्रयोगशाळा निवडू नये.

याच्या तुलनेत मेंदू बाहेर काढण्याचे काम कौशल्याचे आहे आणि ते मला पुरेसे करायला मिळाले, ही या प्रयोगशाळेची फार मोठी जमेची बाजू. थंड बफर द्रावणात माशीचे डोके धरून दोन अतिशय टोकदार चिमट्यांनी वरचे कवच सोलत जायचे, श्वासनलिकांचे रुपेरी धागे काढायचे आणि शेवटी खसखशीच्या दाण्याएवढा मेंदू सुटा करायचा. पुढे तो पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये स्थिर करणे, धुणे, चेतासंधींना, म्हणजे चेतापेशी एकमेकींना जोडल्या जातात त्या जागांना, चिकटणाऱ्या प्रतिपिंडात रात्रभर ठेवणे, दुसऱ्या चमकणाऱ्या प्रतिपिंडाने रंगवणे, आणि मग कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली थरांथरांनी त्याची चित्रे घेणे. स्पृशिकांतून आलेल्या गंधपेशींचे तंतू ज्या पन्नासेक गोलसर गाठींत वेगवेगळे जाऊन बसतात, त्या गाठी पडद्यावर एकेक करून उमटताना पाहिल्यावर, एवढ्याशा जागेतली ही रचना प्रत्येक माशीत जवळजवळ तीच असते हे वाचलेले वाक्य वेगळ्या प्रकारे कळते. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या पुढाकाराने २०२४ मध्ये ड्रोसोफिलाच्या प्रौढ मादीच्या मेंदूचा जो संपूर्ण जोडणी-नकाशा प्रसिद्ध झाला, त्यात १,३९,२५५ चेतापेशी आणि पाच कोटींच्या आसपास चेतासंधी आहेत. हा नकाशा कोणालाही घरबसल्या विनामूल्य पाहता येतो. माझी शिष्यवृत्ती संपल्यावरही मी तो उघडून बसते, आणि ज्यांची निवड होणार नाही त्यांनीही तो जरूर पाहावा, कारण मेंदूविज्ञानातील इतकी मोठी साधनसामग्री इतक्या मोकळेपणाने हाती येणे हे आपल्यासारख्यांच्या दृष्टीने फार मोलाचे आहे.

आता शेजारच्या टेबलाविषयी. प्रयोगशाळेचे प्रमुख शास्त्रज्ञ आठवड्यातून एकदा बैठकीत भेटत, प्रश्न अगदी नेमके विचारत आणि त्यांच्याकडून मिळालेली प्रत्येक सूचना उपयोगाची होती. पण मला शिकवले ते पीएच.डी.च्या चौथ्या वर्षात असलेल्या एका विद्यार्थिनीने. चिमटा कसा धरायचा, प्रयोगवहीत काय लिहायचे, अपयशी गेलेल्या चाचणीची नोंद यशस्वी चाचणीइतकीच पूर्ण का ठेवायची, शोधनिबंधातील आकृती मजकुराआधी कशी वाचायची, हे सर्व त्यांनी स्वतःचे काम थांबवून, कधीही न कंटाळता शिकवले. त्यांचे शिकवणे पद्धतशीर होते: पहिल्यांदा त्या करून दाखवत, दुसऱ्यांदा मी करताना शेजारी उभ्या राहत, आणि तिसऱ्यांदा खोलीतून निघून जात. माझ्याच वर्गातील एका मित्राला दुसऱ्या शहरातील एका नामवंत प्रयोगशाळेत त्याच उन्हाळ्यात जागा मिळाली होती. तेथे त्याला कोणाच्याही हाती सोपवले गेले नाही आणि काचसामान धुणे व द्रावणे बनवणे यापलीकडे त्याचे काम फारसे गेले नाही. त्यामुळे निवड झाल्यावर होकार कळवण्यापूर्वी मार्गदर्शकांना नम्रपणे एक ईमेल लिहावा आणि तीन गोष्टी विचाराव्यात: मी रोज कोणाबरोबर काम करेन, त्या व्यक्ती त्या दोन महिन्यांत प्रयोगशाळेत असतील का, आणि माझ्या वाट्याचा प्रश्न कोणता असेल. असा ईमेल लिहिणे उद्धटपणाचे ठरेल अशी भीती आपल्याकडील विद्यार्थ्यांना वाटते, विशेषतः लहान गावांतून येणाऱ्यांना. माझा अनुभव असा की चांगल्या शास्त्रज्ञांना हे प्रश्न आवडतात आणि ते सविस्तर उत्तर देतात.

भाषेची अडचण मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिल्या काही बैठकांत जाणवते. ती शब्दांची कमी आणि वेगाची अधिक असते, कारण चर्चा भरभर चालते आणि कोणी अर्ध्यावर तोडून शंका विचारली तर ती विचारणे तेथे रीतीला धरूनच असते. जर्नल क्लबमध्ये, म्हणजे शोधनिबंधांवर चर्चा करण्याच्या बैठकीत, मला एक शोधनिबंध मांडायला सांगितला, तेव्हा तयारीसाठी पुरेसा वेळ दिला आणि मांडणी झाल्यावर माझ्या इंग्रजीविषयी कोणीही बोलले नाही, सगळे प्रश्न आकृत्यांवर होते. हे वातावरण सर्वत्र असते असे मी म्हणणार नाही, पण जेथे असते तेथे विद्यार्थी फार लवकर मोकळा होतो.

राहण्याजेवण्याविषयी थोडक्यात. सोलापूरहून उद्यान एक्सप्रेस थेट बेंगळुरूला जाते, त्यामुळे प्रवास सोपा आहे. मे महिन्यात सोलापूरच्या उन्हातून तेथे उतरले की हवेचा मोठा दिलासा मिळतो. वसतिगृहात जागा मिळेलच असे नाही आणि बाहेर खोली घ्यावी लागली तर विद्यावेतनाचा मोठा भाग तिच्यात जातो, म्हणून संस्थेत निवासाची सोय आहे का हे त्याच ईमेलमध्ये विचारून घ्यावे. ज्यांच्या घरची परिस्थिती बेताची आहे त्यांनी पहिल्या महिन्याचा खर्च हाताशी ठेवूनच निघावे. योजनेकडे माझे एकच आग्रहाचे मागणे आहे: निवासाची हमी नसलेल्या शहरांसाठी वेगळा निवासभत्ता द्यावा, कारण आज ज्या विद्यार्थ्यांना या संधीची सर्वांत अधिक गरज आहे, तेच महानगरातील खोलीच्या भाड्याला घाबरून नकार कळवतात. निम्हान्स या बेंगळुरूतील मानसिक आरोग्य व मेंदूविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेतील मेंदूसंग्रहालयाचे उघडे असण्याचे दिवस आधी विचारून घ्यावेत आणि त्यांतील एखाद्या दिवशी तेथे जाण्याची परवानगी प्रयोगशाळेतून मागून घ्यावी. तेथे खरा मानवी मेंदू हातमोजे घालून हातात घेता येतो. माशीच्या मेंदूवर काम करणाऱ्याला ते वजन हातांनी जाणवणे आवश्यक आहे, असे मला वाटते.

कालावधी हा या योजनेचा खरा तोकडेपणा आहे. माझ्या प्रश्नाचे उत्तर शेवटच्या आठवड्यात असे आले की गटांत फरक दिसतो आहे, पण चाचण्यांची संख्या इतकी कमी आहे की तो फरक आहे असे म्हणता येणार नाही. माझ्या मार्गदर्शकांनी अहवालात तेच आणि तेवढेच लिहायला लावले, आणि पुढच्या चाचण्या किती घ्याव्या लागतील याचा अंदाज जोडायला सांगितला. शिष्यवृत्तीच्या अखेरीस अकादमीकडे अहवाल द्यावा लागतो. तो लिहिताना निष्कर्ष मोठा करून दाखवण्याचा मोह होतो, पण परीक्षकांना पद्धत नीट सांगितलेला, मर्यादा स्पष्ट केलेला अहवाल अधिक पटतो असे मार्गदर्शकांनी आवर्जून सांगितले. दोन महिन्यांच्या जागी चार महिने असते, तर तिसरी आणि चौथी फेरी झाली असती. पण चार महिन्यांची सुट्टी आपल्या विद्यापीठांच्या वेळापत्रकात बसत नाही. दोन महिनेही अवघडच बसतात. परीक्षा मेच्या अखेरीपर्यंत लांबली आणि निकालानंतरचे वर्ग लवकर सुरू झाले, तर मधले आठवडे कमी पडतात. रुजू होण्याची तारीख मार्गदर्शकांच्या संमतीने थोडी पुढे घेता येते, तेव्हा परीक्षेचे वेळापत्रक जाहीर होताच त्यांना कळवावे.

राज्यातील नव्या अभ्यासक्रमात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी ऑन जॉब ट्रेनिंगसाठी चार श्रेयांक ठेवले आहेत. ही शिष्यवृत्ती त्या जागी धरली जावी अशी विनंती विभागप्रमुखांना निघण्यापूर्वीच लेखी द्यावी, आणि मार्गदर्शकांकडून कामाच्या तासांचे पत्र परत येताना घेऊन यावे; नंतर मागवायला गेले की वेळ जातो. ज्यांना बेंगळुरूपर्यंत जाणे शक्य नाही त्यांच्यासाठी पुण्यात पाषाणला आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था आहे, तेथे चेतापेशींच्या वाढीपासून गंधज्ञानाच्या संगणकीय प्रतिमानांपर्यंत काम चालते. कुलाब्याच्या टाटा संस्थेची उन्हाळी विद्यार्थ्यांसाठीची स्वतंत्र योजना आहे. आणि हरियाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. या प्रत्येक ठिकाणचे अर्ज वेगळे आणि मुदतीही वेगळ्या. अकादमींचे अर्ज आदल्या वर्षाच्या उत्तरार्धातच मागवले जातात, म्हणजे एम.एस्सी.ला प्रवेश घेऊन जेमतेम काही आठवडे झालेले असतात आणि नव्या विभागातील शिक्षक आपल्याला ओळखतही नसतात. त्यामुळे शिफारसपत्रासाठी बी.एस्सी.च्या ज्या शिक्षकांनी आपले काम जवळून पाहिले आहे त्यांच्याकडे जावे, त्यांना आपले निवेदन आणि तो वाचलेला शोधनिबंध दाखवावा, आणि पत्र लिहायला त्यांच्या हाती किमान पंधरा दिवस राहतील इतक्या आधी जावे.